तुटलेले की मोडलेले?

प्रश्न असा आला आहे: "ख्रिस्ती प्रवचनांत 'तुटलेपणातून नवजीवन' हे शब्द वारंवार ऐकू येतात. बायबलमधल्या स्तोत्रात मात्र 'भग्न हृदय' आहे. मग बरोबर काय, 'तुटलेपण' की 'भग्नता'?"

'तुटलेपण' चूक. ऐकून ऐकून कान किटले आहेत. कुणीतरी इंग्रजी 'ब्रोकननेस' समोर ठेवून हाताला लागेल ते क्रियापद उचलले आणि तेच रूढ झाले. मराठीत दोरी तुटते, काठी मोडते, मडके फुटते, कापड फाटते, भिंत खचते. माणसाच्या आतही तसेच: ऊर फुटतो, काळीज फाटते, धीर खचतो. तुटतात ती नाती. 'तो भावांपासून तुटला' म्हणजे त्याचे येणे-जाणे संपले. तेव्हा देवापुढे 'माझे तुटलेपण' मांडणारा खरे तर 'तुझा-माझा संबंध उरला नाही' असे म्हणत असतो. ख्रिस्ती परिभाषेत याला पाप म्हणतात, पश्चात्ताप नव्हे!

'भग्न' सर्वांना ठाऊक आहे, त्यावर वेळ घालवत नाही. मौज त्याच्या शेजारच्या शब्दात आहे. ५१व्या स्तोत्राच्या १७व्या वचनात मराठीत 'भग्न व अनुतप्त' अशी जोडी येते. 'भग्न'च्या जागी मूळ हिब्रूत 'निश्बार' आहे, मोडलेले, तक्रार नाही. पण 'अनुतप्त'च्या जागी आहे 'निद्के', म्हणजे ठेचलेले, चुरडलेले. अनुताप म्हणजे मागाहून होणारा दाह. मूळ कवी खलबत्त्यापाशी बसला आहे आणि भाषांतरकाराने चूल पेटवली! लॅटिनमध्ये याच वचनात आलेला 'कोन्त्रितुम' हा शब्दही घासण्या-कुटण्याचाच. त्यावरून पुढे धर्मपंडितांनी बारीक भेद केला: शिक्षेच्या भीतीने होणारा पश्चात्ताप म्हणजे नुसती झीज, देवावरच्या प्रेमाने होणारा म्हणजे पुरते पीठ. कॅथलिक चर्चच्या ट्रेंट इथल्या धर्मपरिषदेने १५५१ मध्ये हा भेद अधिकृतपणे मांडला.

'अनुतप्त'चे कैवारी मला सांगतात, शब्द धरू नका, भाव पाहा. भावच पाहतो. याच स्तोत्राच्या ८व्या वचनात देवाने चुरडलेली हाडे आनंदित होवोत अशी विनवणी आहे आणि तिथेही हाच धातू आहे. आधी हाडे, मग हृदय, अशी कवीने मारलेली गाठ 'अनुतप्त'ने सोडून टाकली. बायबलमधल्याच यशया संदेष्ट्याच्या पुस्तकात, ५३व्या अध्यायात, आपल्या दुष्कर्मांमुळे जो 'ठेचला गेला', त्याचा धातूही याचा सख्खा भाऊ. ख्रिस्ती वाचक तिथे ख्रिस्ताला पाहतो. मराठीत मात्र तारणारा ठेचलेला आणि पापी तापलेला. दोघांचे नाते दिसणार कसे?

आता माझे लाडके क्रियापद: मोडणे. काठी मोडते, नोट मोडते, भाकरही मोडते. शेवटच्या भोजनात येशूने भाकर घेतली आणि मोडली, तोडली नाही. मोडली ती वाटण्यासाठी. सुट्या पैशांना आपण 'मोड' म्हणतो तेही त्याचमुळे: अखंड नोट वाटता येत नाही. आणि भिजलेल्या दाण्याला येतो तोही मोड! हे दोन 'मोड' निराळे, नुसते उच्चाराने जुळलेले, असे म्हणणारे व्युत्पत्तिपंडित आहेत. असोत. टरफल मोडल्याशिवाय अंकुर बाहेर आलेला त्यांनी कधी पाहिला असेल तर मला जरूर दाखवावा. मी दोन्ही एकच मानतो. गव्हाचा दाणा जमिनीत पडून मेला नाही तर एकटाच राहतो, हे योहानाच्या शुभवर्तमानाच्या १२व्या अध्यायातले वचन वाचले की माझा हट्ट आणखी वाढतो.

याच कारणाने 'देव तुटलेले सांधतो' हे वाक्यही मला खटकते. १४७व्या स्तोत्रात तो भग्नहृदयी लोकांच्या जखमा बांधतो, कबूल. पण ५१व्या स्तोत्राच्या १०व्या वचनात त्याचा कवी दावीद राजा सांधायला सांगतच नाही. तिथले हिब्रू क्रियापद 'बारा' आहे (आपल्या आकड्याशी संबंध नाही), म्हणजे निर्माण करणे; बायबलच्या पहिल्या पुस्तकातले, उत्पत्तीच्या पहिल्याच वाक्यातले, आणि या अर्थी त्याचा कर्ता हिब्रू शास्त्रात देवाखेरीज कुणी होत नाही. जुने हृदय डागडुजी करून परत नको, नवे निर्माण कर, अशी ती मागणी आहे. 'मोडेन पण वाकणार नाही' म्हणण्यात अभिमान मानणाऱ्या आपल्या भाषेला हे जड जाते, कारण दाविदाच्या लेखी मोडणे हेच वाकणे.

मूळ प्रश्न राहिलाच. 'भग्नता' व्याकरणाने चालेल, पण तिच्यामागे पडक्या देवळांचे अवशेष उभे राहतात. मी 'मोडलेले हृदय' लिहीन. 'मोडलेले मन' नको, मन मोडणे म्हणजे कुणाची इच्छा डावलणे.