कायरोप्रॅक्टर व्हायचंय? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

प्रश्न : व्हिडिओंमध्ये कायरोप्रॅक्टर (हातांनी मणके आणि सांध्यांवर उपचार करणारे) मान-पाठ 'कडकन' मोकळी करताना पाहून या व्यवसायाची ओढ लागली आहे. शाळा संपत आली आहे, विषय विज्ञानाचे आहेत. पुढे काय आणि किती वर्षं शिकावं लागेल? – एक विद्यार्थी

व्हिडिओत दिसतो तो कामाचा सगळ्यात छोटा तुकडा. हाताचा धक्का सेकंदाच्या सहाव्या-सातव्या हिश्श्यात संपतो. त्याआधीची विचारपूस आणि तपासणी पहिल्या भेटीत अर्धा-पाऊण तास सहज खाते. तेही आवडणार असेल तरच पुढे वाचा.

जागतिक आरोग्य संघटनेने 2005 साली मांडलेली किमान चौकट अशी : चार वर्षं पूर्णवेळ, निदान 4200 तास, आणि त्यातले किमान 1000 तास देखरेखीखाली प्रत्यक्ष रुग्णांसोबत. शरीररचना, मज्जासंस्था, एक्स-रे वाचन, रोगनिदान हे सगळं त्यात येतं. अमेरिकेत याआधी साधारण तीन वर्षांचं कॉलेज झालेलं असावं लागतं. मग पदवी, चार भागांची राष्ट्रीय परीक्षा आणि शेवटी त्या त्या राज्याचा परवाना. डेन्मार्कमध्ये ओडेन्सच्या विद्यापीठात पाच वर्षांचा अभ्यासक्रम आहे आणि त्यातला बराच भाग वैद्यकीय विद्यार्थ्यांबरोबरच शिकवला जातो. ब्रिटनमध्ये 1994 च्या कायद्यामुळे नोंदणी नसलेल्याला स्वतःला कायरोप्रॅक्टर म्हणवून घेता येत नाही. काही देशांत मात्र कायदाच नाही, तिथे कुणीही पाटी लावू शकतो.

म्हणून सुरुवात शेवटाकडून करा. प्रॅक्टिस कुठल्या देशात करायची ते आधी ठरवा, तिथल्या नोंदणी मंडळाला पत्र लिहून अमुक कॉलेजची पदवी चालते का ते लेखी विचारा, आणि मगच प्रवेश घ्या. बहुतेकांची फसगत होते ती आधी फी भरून नंतर चौकशी केल्यामुळे.

प्रश्न : माझं वजन 48 किलो आहे. दणकट माणसाच्या कमरेला पुरेल एवढा जोर माझ्यात येईल का? – एक वाचक

येईल. जोर दंडातून काढायचाच नसतो, तो स्वतःच्या वजनातून येतो. कमरेचं उदाहरण घ्या. रुग्ण कुशीवर झोपतो, वरचा गुडघा वाकवून ते पाऊल खालच्या पायाच्या लवणीत अडकवतो. तुम्ही त्याचा खालचा खांदा किंचित पुढे ओढता, म्हणजे धड पिळलं जातं. मग मनगटाजवळ करंगळीच्या बाजूला लागणारं वाटाण्याएवढं हाड नेमक्या मणक्यावर टेकवता. आता सांध्यातला सगळा ढिलेपणा हळूहळू संपवायचा, हाताखाली तो ताठ लागेपर्यंत. तिथेच थांबायचं आणि तिथूनच शरीराचं वजन झटक्यात, पण अगदी थोडंसं सोडायचं.

नवशिके चुकतात ते इथेच. ढिलेपणा पुरता न संपवताच धक्का देतात, त्यामुळे तो एका सांध्यात न जाता चार-पाच मणक्यांत वाटला जातो आणि रुग्णाला नुसतं हलवल्यासारखं वाटतं. दुसरी चूक म्हणजे धक्क्याआधी हात किंचित मागे घेणं. तेवढ्यात घेतलेला ताण सुटतो आणि रुग्णही बिचकून आखडतो. मग जोर वाढवला जातो, आणि बरगडी किंवा स्नायू दुखावतो तो अशाने.

काळजी घ्यायची ती स्वतःच्या शरीराची. या धंद्यात अंगठे, मनगटं आणि कंबर आधी बोलू लागतात. टेबल उंच राहिलं तर वजन वापरताच येत नाही आणि सगळा भार खांद्यांवर येतो. टेबलाची उंची आपल्या मापाने लावून घ्यायला लाजू नका. मऊ हाताचं काम आवडत असेल तर पट्टा खाली सरकणारं ड्रॉप टेबल आणि स्प्रिंगचं छोटं ॲक्टिव्हेटर यंत्र हे पर्यायही शिकवले जातात.

प्रश्न : मी फिजिओथेरपिस्ट आहे. शनिवार-रविवारचा कोर्स करून कायरोप्रॅक्टिक सुरू करता येईल का? – एक वाचक

नाही. आधीच आरोग्यक्षेत्रात असलेल्यांसाठीही वर सांगितलेल्या चौकटीत साधारण 2200 तास धरले आहेत आणि त्यातले 1000 तास रुग्णांसोबतचेच. त्याआधी एक गोष्ट तपासा : अनेक ठिकाणी मणक्याचं मॅनिप्युलेशन, म्हणजे हाताने धक्का देण्याचं तंत्र, फिजिओथेरपिस्टच्या कक्षेत बसतं. तुम्हाला हवं आहे ते तंत्र की पाटी, याचं उत्तर सापडलं तर कदाचित दोन वर्षं वाचतील.

प्रश्न : घरचे म्हणतात ही भोंदूगिरी आहे. खरं काय? – एक विद्यार्थिनी

घरच्यांची शंका अगदीच हवेतली नाही. 1895 मध्ये अमेरिकेतल्या डॅव्हेनपोर्ट गावात डी. डी. पामर यांनी हे सुरू केलं तेव्हा सरकलेले मणके म्हणजे जवळपास सगळ्या आजारांचं मूळ, असा दावा होता. तो टिकला नाही. कंबरदुखीत मात्र या उपचाराचा उपयोग दिसतो, व्यायामासारख्या इतर उपायांच्या तोडीचा. दमा किंवा मुलांचं कानदुखणं बरं करण्याचं आश्वासन देणाऱ्या कॉलेजपासून लांब राहा.

धोकेही शिकावे लागतात. मानेच्या धक्क्यानंतर तिथली रक्तवाहिनी फाटून पक्षाघात झाल्याच्या घटना दुर्मीळ आहेत, पण नोंदलेल्या आहेत. मानेत कधी नव्हे असं तीव्र दुखणं, सोबत चक्कर, बोलताना अडखळणं, दोन-दोन दिसणं असेल तर हात लावायचा नाही. कंबरदुखीसोबत जांघेत बधिरता आणि लघवीवरचा ताबा सुटणं ही तर तातडीने रुग्णालयात पाठवायची वेळ. कर्करोगाचा इतिहास, ताप, ठिसूळ हाडं, दीर्घकाळ स्टेरॉइड, हे प्रश्न पहिल्याच भेटीत विचारायचे. कॉलेज बघायला जाल तेव्हा तिथल्या क्लिनिकमधून गेल्या महिन्यात किती रुग्ण दुसऱ्या डॉक्टरांकडे पाठवले, ते विचारा. आकडा चटकन सांगता आला तर बरं लक्षण.

प्रश्न : आवाज आला नाही तर उपचार फसला का? – एक वाचक

नाही. सांध्याच्या द्रवात दाब अचानक घटल्यावर पोकळी तयार होते, तिचा तो आवाज. हाड जागेवर बसल्याचा तो पुरावा नव्हे. एकदा वाजलेला सांधा पुढची वीसेक मिनिटं पुन्हा वाजत नाही. त्यामुळे 'टक' ऐकण्याच्या हट्टाने त्याच जागी परत परत धक्के दिले, तर संध्याकाळी रुग्णाचा फोन येतो तो फक्त तिथे ठणकतंय हे सांगायला.