रंग उतरला, वास उतरेना

केसांचा रंग काढल्यानंतर मागे राहणाऱ्या दर्पाविषयी वाचकांची बरीच पत्रे आली आहेत. त्यांपैकी निवडक प्रश्नांना येथे उत्तरे दिली आहेत. पहिला प्रश्न बहुतेकांचा आहे, म्हणून त्याचे उत्तर सविस्तर दिले आहे.

प्रश्न : केसांना लावलेला तपकिरी डाय अपेक्षेपेक्षा फारच गडद आला, म्हणून मी घरीच कलर रिमूव्हर वापरून तो उतरवला. रंग बऱ्यापैकी गेला, परंतु केसांना सडक्या अंड्यासारखा वास येऊ लागला. केस कोरडे असताना तो फारसा जाणवत नाही, मात्र न्हाताना किंवा घाम आला की पुन्हा उफाळून येतो. तीन-चार वेळा शाम्पू केला, सुगंधी सीरम लावले, तरीही उपयोग झाला नाही. सीरममुळे तर वास अधिकच विचित्र झाला. हा दर्प कायमचा जाण्यासाठी काय करावे?

उत्तर : तुम्ही केलेल्या वर्णनातच दर्पाचे कारण दडलेले आहे. कायमस्वरूपी डाय लावताना आधी रंगहीन, अतिशय लहान रेणू केसाच्या आत शिरतात. डायमध्ये मिसळायच्या द्रावणातील, म्हणजे डेव्हलपरमधील, हायड्रोजन पेरॉक्साइडमुळे त्यांचे ऑक्सिडीकरण होते, ते एकमेकांना जोडले जाऊन मोठे आणि रंगीत होतात व आतच अडकून बसतात. ब्लीच न वापरता रंग उतरवणारे रिमूव्हर नेमकी उलटी क्रिया करतात. त्यांतील क्षपणकारक द्रव्ये त्या रंगीत रेणूंना पुन्हा रंगहीन करतात आणि मग ते पाण्याने धुऊन काढायचे असतात. यासाठी वापरली जाणारी सोडियम हायड्रोसल्फाइट किंवा सोडियम हायड्रॉक्सिमिथेनसल्फिनेट ही द्रव्ये गंधकाची संयुगे आहेत, आणि त्यांच्या विघटनातून निर्माण होणाऱ्या पदार्थांना उग्र वास असतो. त्यात भर म्हणजे केस ज्या केराटिनाचे बनलेले असतात त्यातही गंधक असतो. केसाच्या वजनाच्या सुमारे ५ टक्के. केसाला बळकटी देणारे काही बंध गंधकाच्याच अणूंमधले असतात, आणि रिमूव्हरचा थोडाफार परिणाम त्यांच्यावरही होतो.

यात एक दिलाशाची बाब आहे. सडक्या अंड्यांचा म्हणून जो वास आपण ओळखतो, तो हायड्रोजन सल्फाइड हा वायू हवेत एक अब्ज भागांत अवघे काही भाग असला तरी माणसाच्या नाकाला कळतो. म्हणजेच वास मोठा आला तरी मागे राहिलेल्या द्रव्याचे प्रमाण मोठे असतेच असे नाही. उरलेले अवशेष थोडे आहेत, पण ते केसाच्या आत आहेत. सारी अडचण तिथेच आहे.

केस ओले झाले की वास का परततो, हेही यावरून समजते. केसाच्या बाहेरच्या थरातले खवले छपरावरील कौलांसारखे एकावर एक बसलेले असतात. केस भिजला की तो स्वतःच्या वजनाच्या जवळपास ३० टक्के पाणी शोषतो, त्याची जाडी सुमारे १५ टक्क्यांनी वाढते, खवले किंचित उचलले जातात आणि आत अडकलेली द्रव्ये पाण्याबरोबर बाहेर येऊ लागतात. थोडक्यात, न्हाताना येणारा वास ही सफाई चालू असल्याची खूण आहे. तो दडपण्याचा प्रयत्न करू नये. त्याला पाण्यावाटे निघून जाऊ द्यावे.

आता धुण्याविषयी. बहुतेक जण येथे शाम्पूवर भर देतात, पण खरे काम पाण्याचे आहे. रिमूव्हरच्या माहितीपत्रकात केस बराच वेळ वाहत्या पाण्याखाली धरायला सांगितलेले असते. ते वाचून अतिशयोक्ती वाटते आणि पाच मिनिटांतच आपल्याला कंटाळा येतो. तुमचा रिमूव्हर होऊन काही दिवस झाले असले तरी ही राहिलेली कसर आताही भरून काढता येते. केसांचे चार भाग करावेत आणि कोमट पाणी प्रत्येक भागातून मुळांपासून टोकांपर्यंत निदान पाच मिनिटे वाहू द्यावे. मधूनमधून बट मुठीत धरून वरून खाली हलकेच पिळावी, म्हणजे आत मुरलेले पाणी निघून नवे पाणी शिरते. पाणी फार कढत नको. त्याने टाळू पोळते आणि आधीच रुक्ष झालेले केस आणखी राठ होतात.

त्यानंतर शाम्पू. रंगवलेल्या केसांसाठी मिळणारे सौम्य शाम्पू रंग टिकवण्यासाठी असतात, आणि सध्या आपल्याला तर काढायचे आहे. म्हणून केसांवरील साका काढणारा, ज्याला क्लॅरिफाइंग म्हणतात तो शाम्पू घ्यावा. फेस फक्त टाळूवर चोळून थांबू नये. वासाचे खरे ठिकाण केसांची लांबी आणि विशेषतः टोके हे असते, कारण केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. या हिशोबाने खांद्याखाली आलेल्या केसांची टोके दोन वर्षांहून जुनी असतात आणि तेवढीच झिजलेली, सच्छिद्र असतात. फेस त्या टोकांवर दाबून दाबून लावावा, दोन मिनिटे राहू द्यावा, खळखळून धुवावा आणि हे एकदा पुन्हा करावे. शेवटी कंडिशनर फक्त लांबीवर लावावा. हे दररोज नको. एक दिवसाआड पुरे. बऱ्याच जणांचा दर्प काही धुण्यांतच निघून जातो, तर ब्लीच केलेल्या किंवा वारंवार रंगवलेल्या केसांना दोन-तीन आठवडेही लागू शकतात.

प्रगती मोजायची असेल तर कोरडे केस हुंगून काही कळत नाही. मानेमागची एक बट वेगळी काढून पेलाभर कोमट पाण्यात मिनिटभर बुडवून ठेवावी आणि मग ती बट व ते पाणी यांचा वास घ्यावा. आठवड्यातून एकदा ही चाचणी केली तर फरक नेमका समजतो. सतत हुंगत राहिल्याने नाक त्या वासाला सरावते, आणि कधी कधी नसलेला वासही भासू लागतो. म्हणून घरातल्या दुसऱ्या कोणाला तरी ती बट दाखवणे अधिक विश्वासाचे.

सुगंधी सीरम आणि अत्तरे तूर्त बाजूला ठेवावीत. दोन उग्र वास एकत्र आले की तिसरा, त्याहून वाईट वास तयार होतो, हे तुम्ही अनुभवलेच आहे. तेलही थोडे दिवस लांबणीवर टाकावे, कारण तेलाचा थर असताना पाणी आणि शाम्पू केसाला नीट भिडत नाहीत. वास घालवण्यासाठी स्ट्रेटनर फिरवण्याचा मोह टाळावा. अशक्त झालेल्या केसांवर तेवढी उष्णता दिली तर गंधकाच्या वासात जळक्या केसांच्या वासाची भर पडते. केस गळू नयेत म्हणून याच काळात कांद्याचा रस चोळणाऱ्यांना तर काय म्हणावे? कांद्याचा दर्पही गंधकयुक्त संयुगांचाच असतो.

आणखी एक ठिकाण हमखास विसरले जाते. उशीचा अभ्रा, टॉवेल, कंगवा आणि टोपी यांत तोच वास मुरलेला असतो आणि स्वच्छ धुतलेल्या केसांना तो पुन्हा लागतो. केस धुण्याच्या दिवशी याही वस्तू धुवाव्यात.

प्रश्न : अशा वेळी व्हिनेगर लावावे की खाण्याचा सोडा? दोन्ही उपायांची शिफारस ऐकली आहे.

उत्तर : दोन्ही एकदम तर मुळीच नको, ती एकमेकांना निष्प्रभ करतात आणि फेसापलीकडे हाती काही लागत नाही. या दोहोंत व्हिनेगर बरे, पण ते शेवटच्या टप्प्यावर. याला कारण आहे. रिमूव्हरचे अवशेष भरपूर असताना त्यांच्यावर आम्ल पडले, तर त्यातून सल्फर डायऑक्साइडसारखे झोंबणारे वायू सुटू शकतात आणि वास कमी होण्याऐवजी भपकारा येतो. दम्याचा त्रास असणाऱ्यांना तो विशेष बाधतो. म्हणून रिमूव्हर धुतला त्याच दिवशी व्हिनेगर ओतू नये. तीन-चार वेळा व्यवस्थित धुणे झाल्यावर एक लिटर पाण्यात दोन मोठे चमचे पांढरे व्हिनेगर मिसळून केसांवरून सोडावे, मिनिटभर थांबावे आणि साध्या पाण्याने धुवावे. याने खवले मिटण्यास मदत होते आणि केस मऊ लागतात. टाळूवर ओरखडे किंवा जळजळ असेल तर हा उपाय करू नये. लिंबाचा रसही आम्लच आहे, पण त्याची तीव्रता फळागणिक बदलते. त्यापेक्षा मोजून घेतलेले व्हिनेगर चांगले.

खाण्याचा सोडा वास शोषतो ही ख्याती बंद कपाटापुरती ठीक आहे. पाण्यात विरघळल्यावर तो अल्कधर्मी होतो, केस फुगवतो आणि घर्षण वाढवतो. रंग लावणे व उतरवणे अशा दोन प्रक्रियांतून गेलेल्या केसांवर ही तिसरी शिक्षा कशाला?

प्रश्न : हायड्रोजन पेरॉक्साइड, सोडा आणि भांड्यांचा साबण यांच्या मिश्रणाने कोणताही गंधकाचा वास जातो, असे मला एका परिचितांनी सांगितले. ते केसांना चालेल का?

उत्तर : परिचितांचे रसायनशास्त्र बरोबर आहे, पण जागा चुकली आहे. ही कृती पॉल क्रेबॉम या अमेरिकी रसायनशास्त्रज्ञाने सुचवलेली आणि १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेली. स्कंक या प्राण्याने फवारलेल्या दुर्गंधाने माखलेल्या पाळीव जनावरांसाठी ती सांगितली जाते. त्यात ३ टक्क्यांचे पेरॉक्साइड गंधकाच्या दुर्गंधी संयुगांचे ऑक्सिडीकरण करून त्यांचा वास नाहीसा करते, आणि ते काम खरोखरच होते.

तुमच्या केसांत मात्र वासाच्या द्रव्यांबरोबर रंगहीन झालेले डायचे रेणूही उरलेले असतील. पेरॉक्साइड लागले की त्यांचेही ऑक्सिडीकरण होते आणि एवढा खटाटोप करून उतरवलेला रंग पुन्हा गडद होऊ लागतो. ज्यांचा रंग रिमूव्हरनंतर दोन-तीन दिवसांत आपोआप काळवंडतो, त्यांच्याबाबतीत हेच काम हवेतला ऑक्सिजन सावकाश करत असतो. तेही अपुऱ्या धुण्याचेच लक्षण. शिवाय ते मिश्रण करून बाटलीत बंद ठेवल्यास आत वायूचा दाब वाढून बाटली फुटू शकते. पेरॉक्साइडमध्ये व्हिनेगर मिसळण्याचा प्रयोगही कोणी करू नये. त्यातून त्वचा आणि डोळे भाजणारे आम्ल तयार होते.

प्रश्न : रंग उतरवताना कानात चांदीच्या रिंगा तशाच राहिल्या होत्या. दुसऱ्या दिवशी त्या काळपट पडलेल्या दिसल्या. याचा केसांशी संबंध असेल का?

उत्तर : असू शकतो. गंधकाच्या संयुगांमुळे चांदीवर सिल्व्हर सल्फाइडचा काळा थर चढतो, आणि त्याला द्रव्य फार लागत नाही. चांदी पॉलिश केली की थर निघून जातो, तेव्हा दागिन्याची काळजी नको. काळजी कानामागच्या त्वचेची घ्यावी, कारण तेथे साचलेला रिमूव्हर धुताना हमखास राहून जातो. कानामागची घडी, मानेवरची केसांची रेषा आणि कपाळाची कड बोटांनी साबण लावून धुवावी. पुढच्या वेळी दागिने आधी काढून ठेवावेत आणि खिडकी उघडी ठेवावी.

प्रश्न : रंग उतरवून दीड महिना झाला. आता केसांच्या टोकांना वास नाही, पण मुळांशी कुबट वास येतो आणि खाजही सुटते. अजून किती धुवावे?

उत्तर : आता धुणे वाढवू नका. दीड महिन्यात मुळांशी दीडेक सेंटिमीटर नवा केस आला आहे आणि त्याला रिमूव्हर लागलेलाच नाही. त्यामुळे हा वास टाळूचा आहे. ओले केस तासन्‌तास बांधून ठेवणे, कोंडा, टाळूवरील यीस्टची वाढ किंवा रसायनांमुळे झालेला त्वचादाह, अशी त्याची अनेक कारणे असू शकतात आणि ती पत्रावरून ओळखता येत नाहीत. त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे आणि कोणता डाय व कोणता रिमूव्हर वापरला त्यांची वेष्टने सोबत न्यावीत. टाळूवर फोड, स्राव किंवा चेहऱ्यावर सूज असेल तर भेटीची वेळ मिळेपर्यंत थांबू नये, त्याच दिवशी दाखवावे. डायमधील पॅराफेनिलिनडायअमाइन या द्रव्याची ॲलर्जी तीव्र रूप घेऊ शकते.

प्रश्न : वास पूर्ण जाण्याआधी नवा रंग लावला तर चालेल का?

उत्तर : ओल्या बटेला वास येत असेल तोवर लावू नये. आतल्या अवशेषांमुळे नवा रंग धड बसत नाही, आणि नव्या डायमधील पेरॉक्साइडमुळे जुना रंग परत उमटून छटा ठरवल्यापेक्षा गडद येते. वास गेल्यानंतरही सच्छिद्र झालेले केस रंग अधिक ओढून घेतात, म्हणून हव्या असलेल्या छटेपेक्षा एक पायरी फिकी छटा निवडावी आणि ती आधी मानेमागच्या एकाच बटेवर लावून पाहावी. त्वचेवरची चाचणी ४८ तास आधी करावी, पूर्वी तोच डाय लावलेला असला तरीही.