पप्पांचा राखणदार दूत तेव्हा कुठे होता?

प्रिय भगिनी,

बोरिवलीहून आलेले तुमचे पत्र मी दोनदा वाचले. गेल्या महिन्यात लोकलमधून उतरताना गर्दीच्या रेट्यात तुमचे यजमान फलाटावर पडले, पायाचे हाड मोडले, आणि त्या रात्रीपासून तुमच्या आठ वर्षांच्या लेकीने झोपण्यापूर्वीची राखणदार दूताची, म्हणजे देवाने प्रत्येकाच्या सोबतीला दिलेल्या देवदूताची, प्रार्थना सोडली. ‘पप्पांचा दूत तेव्हा कुठे होता?’ या तिच्या प्रश्नापुढे तुम्ही निरुत्तर झालात, आणि शेजारणीने तर दूताचे नाव शोधून त्याला नावाने हाक मारण्याचा उपाय सुचवला.

आधी शेजारणीच्या उपायाचे पाहू. कॅथलिक चर्च मायकल, गॅब्रिएल आणि राफाएल ही तीनच नावे मान्य करते, आणि इतर दूतांना मनाने नावे ठेवू नयेत, असे व्हॅटिकनच्या २००१च्या लोकभक्तीविषयक निर्देशिकेत सांगितले आहे. नाव कळले की दूताला कामाला लावता येते, ही समजूत त्या उपायामागे आहे, आणि लेकीचे दुःखही त्याच समजुतीतून आले आहे. आपण मुलांना दूत शिकवतो तो पहारेकऱ्यासारखा; मग घात झाला की मूल त्यालाच जाब विचारणार.

तिला तोबितच्या पुस्तकाचे पाचवा आणि सहावा हे अध्याय वाचून दाखवा. (प्रॉटेस्टंट बायबलमध्ये हे पुस्तक सहसा नसते, तेव्हा घरातील प्रत पाहून घ्या.) अंध तोबित मुलाला दूर मेदिया देशी पाठवतो, आई रडू लागते, तेव्हा चांगला दूत त्याच्या सोबत जाईल, असे सांगून तो तिची समजूत घालतो, आणि मजुरी ठरवून घेतलेला वाटाड्याच राफाएल आहे, हे त्या बापाला ठाऊकही नसते. पुढे टायग्रिस नदीवर एक मोठा मासा उसळून मुलाचा पाय गिळू पाहतो. मुलगा ओरडतो. राफाएल शेजारीच असतो, पण माशाला तो स्वतः मारत नाही. पकडायला सांगतो, आणि मासा मुलालाच ओढून काठावर आणावा लागतो. त्याच माशाच्या पित्ताने पुढे बापाला दृष्टी येते. मात्र पप्पांचा पाय मोडण्यातूनही असेच काही भले निघेल, असे लेकीला सांगू नका. ते तुम्हाला किंवा मला ठाऊक नाही.

गोराईला माझी आजी दुपारी बाराची घंटा ऐकली की विळीवरून उठायची आणि बोटांना चिकटलेले माशाचे खवले धुऊन देवदूताची प्रार्थना (अँजेलस; राखणदार दूताच्या प्रार्थनेहून ही वेगळी) म्हणायची. त्या प्रार्थनेतला दूत कोणाला वाचवत नाही. तो येशूची आई होणाऱ्या मरियेला देवाचा निरोप सांगतो, तिचा होकार ऐकतो आणि निघून जातो. पुढे क्रूसापर्यंतचे सारे तिलाच सोसावे लागते. आजीने हे मला कधी समजावून सांगितले नाही, पण रोज तिच्या शेजारी उभी राहून मी ते शिकले.

म्हणून लेकीवर प्रार्थनेची सक्ती करू नका. नेहमीच्या वेळी तिच्या उशाशी बसून तुम्हीच ती मोठ्याने म्हणा. यजमानांना ज्या अनोळखी माणसांनी उचलून बाकावर बसवले, त्यांची हकिकत तिला पप्पांच्या तोंडून ऐकू द्या. त्यांना घाईने देवदूत ठरवू नका, ती माणसे होती आणि माणसे म्हणूनच त्यांचे ऋण मोठे आहे. २ ऑक्टोबरला राखणदार दूतांचा सण असतो. त्या दिवशी तिला चर्चमध्ये मिस्सेला न्या, आणि तिचा प्रश्न तिच्याच शब्दांत फादरांना विचारू द्या.

आपली,
ताई