कंपनीने अचानक कमी केलं, राजीनामा मागताहेत, घरी सांगितलेलं नाही. काय करू?

भाऊ, तुमच्या प्रश्नातलं एक वाक्य वाचून मी बाकीचं बाजूला ठेवलं. "एचआर म्हणतात, सोमवारी येऊन राजीनामा लिहून द्या, मग हिशोब देतो." घराचा हप्ता, दोन मुलांच्या फिया, चोपड्याकडच्या तीन एकरांत केळी लावू का, हे सगळं आठवडाभर थांबू शकतं. राजीनामा एकदा लिहून दिला की तो परत घेणं फार अवघड. सोमवारी गेलात तरी सही करू नका.

मी हे कुठून बोलते ते आधी सांगते. जळगावच्या एमआयडीसीत एका प्लास्टिकच्या कारखान्यात मी बरीच वर्षं टाइम ऑफिसला होते. हजेरी, पगारपत्रक, पीएफचं चलन, ईएसआय म्हणजे कामगार विमा, सोडून जाणाऱ्यांचा शेवटचा हिशोब (फुल अँड फायनल), सगळं माझ्या टेबलावरून जायचं. मग मालकांनी दोन लाइन बंद केल्या आणि कमी करायच्या लोकांत माझंही नाव निघालं. ती यादी तेवढी मला टाइप करायला लावली नाही, एवढी माणुसकी दाखवली. आता काही छोट्या कारखान्यांचं हेच कागदी काम घरून करते. म्हणजे टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसून झालंय.

राजीनामा का मागतात? कारण तुम्ही स्वतःहून गेलात असं कागदावर आलं की कंपनीचे पैसे वाचतात. "ऑर्डर नाहीत, उद्यापासून येऊ नका" याला कायद्यात कामगार कपात म्हणतात. वर्षभर सलग नोकरी झालेल्या कामगाराला कमी करायचं तर कारण लिहून एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार द्यावा लागतो, आणि वर दर पूर्ण वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार भरपाई म्हणून. शेवटचं अर्धवट वर्ष सहा महिन्यांवर गेलं असेल तर तेही पूर्ण धरतात. हे १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात होतं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याच्या जागी औद्योगिक संबंध संहिता आली, तरी भरपाईचं माप तेच राहिलं. पूर्वी १०० किंवा जास्त कामगारांच्या कारखान्याला कपातीआधी सरकारची परवानगी लागायची, आता ती मर्यादा ३०० वर गेली आहे. त्यामुळे आपल्याकडच्या बहुतेक कंपन्यांना परवानगी लागत नाही. पण परवानगी लागत नाही म्हणून पैसे द्यायचे नाहीत, असं कुठेही लिहिलेलं नाही.

तुम्ही ११ वर्षं ७ महिने लिहिलंय, हातात नाही पण कागदावर १९,५०० पगार, त्यात बेसिक आणि डीए (महागाई भत्ता) १४,०००. मग १२ वर्षं धरायची. भरपाई साधारण ८४,००० ते १,१७,०००, नव्या संहितेप्रमाणे तुमचे कोणते भत्ते पगारात धरतात त्यावर. नोटिशीचा एक महिना, तसाच १४,००० ते १९,५००. ग्रॅच्युइटी वेगळी: १४,००० भागिले २६, गुणिले १५, गुणिले १२, म्हणजे जवळपास ९६,९००. ग्रॅच्युइटी पाच वर्षं झालेल्याला राजीनामा दिला तरी मिळते, आणि एचआरवाले नेमकी तीच दाखवून "बघा, लाखभर देतोय" म्हणतात. राजीनाम्याच्या एका ओळीने जातात ते भरपाई आणि नोटिशीचे, जवळपास लाख ते सव्वा लाखाहून जास्त. नव्या संहितेत कपात झालेल्या कामगारासाठी आणखी १५ दिवसांचा पगार पुनर्कौशल्य निधीत (नवं काम शिकण्यासाठीच्या निधीत) भरायचा आहे आणि तो ४५ दिवसांत कामगाराच्या खात्यात यायचा आहे. तोही राजीनामा देणाऱ्याला नाही.

"तुम्ही सुपरवायझर आहात, तुम्हाला हे लागू नाही" असंही ऐकाल. कार्डावर काय छापलंय यापेक्षा तुम्ही दिवसभर काय करता ते बघितलं जातं. तुम्ही स्वतः पाना घेऊन एक्स्ट्रूडर (प्लास्टिक वितळवून साच्यातून काढणारं मशीन) उघडत होतात. कोणाची रजा मंजूर करत नव्हतात. हे तुमच्या बाजूचं आहे. मात्र पगारपावती कोणाच्या नावाने निघते ते आजच बघून घ्या. ठेकेदाराच्या नावाने असेल तर मागणी त्याच्याकडे करायची, आणि कंपनीलाही त्याच पत्रात धरायचं.

सोमवारी असं करा. जा, पण एकटे जाऊ नका, तुमच्याबरोबर कमी केलेला एखादा सोबत घ्या. म्हणा, "साहेब, कमी करताय तर कपातीचं पत्र द्या, मी घेतो." भांडण नको, आवाज चढवायचा नाही. गेटवर अडवलं तर त्याच दिवशी कंपनीला ईमेल टाका आणि तेच पत्र स्पीड पोस्टाने पाठवा: मी कामावर हजर झालो, मला आत घेतलं नाही, मी काम करायला तयार आहे, राजीनामा दिलेला नाही. चार ओळी पुरतात. नंतर कोणी "हा माणूस आपणहून यायचा बंद झाला" म्हणायला लागलं की या चार ओळी कामाला येतात. मी टाइम ऑफिसला असताना सतत गैरहजर म्हणून कितीतरी नावं कटताना पाहिलीत, म्हणून एवढं बजावून सांगते. कंपनी ऐकतच नसेल तर जळगावला सहायक कामगार आयुक्तांच्या कार्यालयात अर्ज द्यायचा. तिथे वकील लागत नाही. तारखा पडतात, वेळ जातो, पण निम्मी प्रकरणं नोटीस गेल्यावरच मिटतात हा माझा अनुभव. मालकालाही तिकडे खेटे नको असतात.

पीएफचं घाईने काही करू नका. तुमची पेन्शनची १० वर्षं पूर्ण झाली आहेत, म्हणजे ५८ व्या वर्षी पेन्शनचा हक्क पक्का झाला. पुढच्या नोकरीत हाच यूएएन (पीएफचा कायमचा नंबर) द्या, नवीन काढू देऊ नका. पीएफच्या रकमेतले ७५ टक्क्यांपर्यंत पैसे नोकरी गेल्यावर काढता येतात, पण आधी ग्रॅच्युइटी आणि भरपाईवर भागतंय का बघा. कंपनीने पोर्टलवर नोकरी सोडल्याची तारीख आणि कारण काय टाकलंय ते तपासत राहा. तारीखच टाकली नाही तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी ती तुम्हाला स्वतः टाकता येते. यासाठी नाशिकच्या ऑफिसला चकरा मारायची गरज नाही.

ईएसआयचं कोणी सांगत नाही म्हणून सांगते. तुमचा पगार २१,००० च्या आत होता, म्हणजे कार्ड आहे. ते कार्ड नोकरीबरोबर लगेच मरत नाही. एप्रिल ते सप्टेंबरच्या वर्गणीवर पुढच्या जानेवारी ते जूनपर्यंत उपचार मिळतात, ऑक्टोबर ते मार्चच्या वर्गणीवर जुलै ते डिसेंबर. आईंच्या शुगरच्या गोळ्या तुम्ही तिथूनच घेता ना, त्या चालू ठेवा. शिवाय अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेत बेकारीच्या काळात सरासरी मजुरीच्या निम्मे पैसे, जास्तीत जास्त ९० दिवसांचे, आयुष्यात एकदा मिळतात. ही योजना मुदतवाढीवर चालते, म्हणून शाखा कार्यालयात जाऊन अर्जाबद्दल विचारा. आणि हो, "स्वखुशीने सोडली" असा कागद इथेही आड येतो.

आता घरचं. तुम्ही लिहिलंय की सकाळी डबा घेऊन निघता आणि मेहरूणच्या तलावाकाठी बसता. भाऊ, आज रात्री वहिनींना सांगा. मी भावनेचं बोलत नाही. एमआयडीसीतली बातमी शिफ्ट सुटायच्या आधी घरोघरी पोचते. तुमच्याबरोबर चौघं कमी झालेत, त्यांपैकी एकाची बायको वहिनींना बाजारात भेटली की संपलं. नोकरी गेली त्याचं नंतर कोणी काढत नाही. लपवलंत त्याचं मात्र प्रत्येक भांडणात निघेल. आणि घरखर्च कुठे कापायचा हे त्यांना तुमच्यापेक्षा जास्त कळतं. तुम्ही केबल बंद करायचा विचार कराल, त्या ट्यूशन बदलतील.

भाऊबंदांचंही तसंच. आपल्याकडे नोकरी गेली म्हणजे काहीतरी लफडं केलं असेल अशी कुजबुज होते, खरं आहे. माझ्याही वाट्याला आली. शेजारच्या आजी रोज ओट्यावरून विचारायच्या, "काय वं माय, आज सुट्टी शे का तुले?" हिवाळ्याचे दिवस होते, नवऱ्याच्या चुलतभावाच्या मळ्यात भरीत पार्टी होती, मी जाणारच नव्हते. गेले आणि वांगी भाजता भाजता सगळ्यांसमोर सांगून टाकलं. पारोळ्याची मावशी म्हणाली, "नोकरी गयी ना? तू ते नही गयी. मंग वांगा भाज." लोक हसले, विषय संपला. आणि पुरीचं ताट हातात असताना एक पाहुणे म्हणाले, आमच्या दालमिलचं पीएफचं काम बघायला माणूस नाही, येता का? माझं पहिलं काम ते. जाहिरात कुठेच नव्हती. खान्देशात अशी निम्मी कामं कोणाच्या तरी मळ्यात नाहीतर लग्नाच्या पंगतीत ठरतात, आणि तुमचं गेलंय हे माहीतच नसेल तर तुमचं नाव कोण घेणार?

बँकेत हप्ता चुकायच्या आधी जा. खात्यात पैसे नाहीत म्हणून हप्ता परत गेला की दंड लागतो आणि सिबिलला डाग पडतो. ९० दिवस थकलं की कर्ज एनपीए, म्हणजे थकीत खात्यात, जातं, मग मॅनेजरच्याही हातात फार राहत नाही. आधी गेलात तर मुदत वाढवून हप्ता कमी करणं, काही महिने फक्त व्याज भरणं, असं काही बसवता येतं का ते विचारता येतं. देतीलच असं नाही. अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या. मोबाइलवरच्या कर्जाच्या अॅपला हात लावू नका. अगदीच वेळ आली तर सोनं बँकेत ठेवा, मोडू नका. जळगावात मोडायला दुकान शोधावं लागत नाही, तीच तर पंचाईत आहे. आणि भरपाईचे पैसे आले की कोणीतरी जास्त व्याजाची पतसंस्था सुचवेल. आपल्या जिल्ह्याने बुडालेल्या पतसंस्थांचं पुरेसं भोगलंय, वेगळं सांगायला नको.

केळीबद्दल मी स्पष्ट बोलते, राग मानू नका. केळी वाईट नाही, आपला जिल्हा तिच्यावरच उभा आहे. पण तुम्हाला पुढच्या महिन्याला पैसा हवाय आणि केळी ११-१२ महिन्यांनी कापणीला येते. एकरी १,५०० खोडं धरली तरी तीन एकरांना साडेचार हजार टिश्यू रोपं, ठिबक, खतं, मजुरी, सगळं आधी घालायचं. मेमध्ये पारा ४५ च्या आसपास, त्यात पाऊस यायच्या आधीचं वादळ आलं की घडासकट बाग आडवी. पावसाळ्यात सीएमव्ही (केळीवरचा विषाणू रोग) आला तर रोपं उपटून फेकावी लागतात. आणि इतकं करून बऱ्हाणपूरच्या केळी बाजाराचा भाव त्या आठवड्यात काय निघेल ते कोणाच्या हातात नाही. भरपाई आणि ग्रॅच्युइटी, म्हणजे १२ वर्षांचा घाम, एकाच मृगबागेत (पावसाच्या सुरुवातीला लावलेल्या केळीत) घालू नका. वडील कपाशी-मका घेताहेत ना, या वर्षी घेऊ द्या. हाताला काम लागल्यावर पुढच्या वर्षी एक एकर लावून बघा, फळपीक विमा उतरवून.

तुमच्या हातातली कला त्याहून लवकर पैसे देईल असं मला वाटतं. आयटीआय इलेक्ट्रिशियन, एक्स्ट्रूडरचे हीटर, गिअरबॉक्स, व्हीएफडी (मोटरचा वेग कमी-जास्त करणारं यंत्र) येतात म्हणता. इथल्या चटईच्या आणि पाइपच्या कारखान्यांत रात्री मशीन बंद पडलं की मालक असा माणूस शोधत फिरतो. ब्रेकडाउनच्या कामांना जायला लागा, दोन-चार ठिकाणी नंबर देऊन ठेवा. रावेर-सावद्याकडे केळीच्या रायपनिंग चेंबरांची (केळी पिकवायच्या थंड खोल्यांची) देखभाल आहे. सौर कृषी पंप सगळीकडे बसताहेत, त्यांना वायरमन लागतात. शिरपूर, नरडाणा, नवापूर इथे विचारा. बाहेर जायची तयारी असेल तर सुरत आहेच, उधना-लिंबायतला अर्धं खान्देश राहतं आणि भुसावळ-सुरत गाडीत बसलं की पोचलात. पण सुरतचा पगार ऐकून लगेच हो म्हणू नका, तिथलं भाडं आणि इथला हप्ता दोन्ही वजा करून बघा.

निघताना कंपनीकडून अनुभवाचा दाखला, शेवटच्या बारा महिन्यांच्या पगारपावत्या आणि फॉर्म १६ मागून घ्या. पावत्या मोबाइलच्या अॅपवर असतील तर आजच डाउनलोड करा, लॉगिन कधीही बंद करतात. ग्रॅच्युइटीचा अर्ज स्वतःहून द्या, कंपनीने पैसे द्यायची मुदत ३० दिवसांची आहे. वेतन संहितेप्रमाणे (ही वरच्या संहितेहून वेगळी) उरलेला पगार कपातीनंतर दोन कामाच्या दिवसांत मिळायला हवा, तोही पत्रात मागा.

सोमवारी काय झालं ते इथेच खाली लिहा. त्यांनी काही छापील कागद पुढे केला तर त्यातली नावं झाकून मजकूर टाका, सही करण्याआधी बघून सांगते.