अर्ध-सार्वजनिक वस्तू: कमाटीबाग कुठल्या रकान्यात घालायची?

तुमचा प्रश्न: बाग, पूल, वाचनालय सरकारनं बांधलेलं असूनही अर्थशास्त्राच्या पुस्तकात त्यांना ‘अर्ध’ सार्वजनिक का म्हणतात? आधी ‘सरकारी’ हा शब्द डोक्यातून काढा, निम्मा घोळ त्यानंच होतो. सरकारी दवाखान्यातली खाट एका रुग्णाला दिली की दुसऱ्याला मिळत नाही. पैसे कोणी भरले याचा इथे संबंध नाही.

तपासायचं ते एवढंच: एकानं वापरल्यानं दुसऱ्याच्या वाट्याचं कमी होतं का, आणि पैसे न देणाऱ्याला परवडेल अशा खर्चात अडवता येतं का? दोन्हींना ‘नाही’ म्हणजे शुद्ध सार्वजनिक, उदाहरणार्थ देशाचं संरक्षण. दोन्हींना ‘हो’ म्हणजे खाजगी. मधे अडकलेलं ते अर्ध-सार्वजनिक. (अर्थतज्ज्ञ पॉल सॅम्युएलसन यांच्या 1954 च्या प्रसिद्ध लेखात भर पहिल्या कसोटीवर होता.)

आता बडोद्याची कमाटीबाग, म्हणजे सयाजीबाग, घ्या. पहाटे फिरायला आणखी दहा जण आले तर कोणाचं काही जात नाही. रविवारी संध्याकाळी मात्र बाक मिळत नाही, पोरांना झोपाळ्यासाठी रांग लावावी लागते. बाग तीच, पण गर्दीनं तिचा रकाना बदलला. पुस्तकातले तक्ते हे दाखवत नाहीत, ही माझी जुनी तक्रार.

गर्दीची किंमत आकड्यांत बघा (आकडे समजण्यापुरते). पुलावर 1,000 गाड्या आहेत. आणखी एक आली आणि प्रत्येकीला 2 सेकंद उशीर झाला, तर इतरांचे 2,000 सेकंद, म्हणजे सुमारे 33 मिनिटं गेली. नवा चालक हिशोब करतो फक्त स्वतःच्या वेळेचा. इथे टोल योग्य, कारण तो इतरांच्या वेळेचीही किंमत मोजायला लावतो. रात्री दोनला पूल रिकामा असताना 30 रुपये टोल ठेवला आणि ज्याला ती फेरी 20 रुपयांची वाटते तो घरीच बसला, तर त्याचं 20 रुपयांचं समाधान बुडालं, वाचलं कोणाचंच काही नाही.

दुसरी कसोटीही, म्हणजे पैसे न देणाऱ्याला अडवता येतं का, कायमची नसते. नाक्यावर माणूस बसवून वसुली करणं महाग पडायचं, फास्टॅगनं ते स्वस्त केलं. म्हणून उत्तरपत्रिकेत नुसतं ‘रस्ता’ लिहू नका. गर्दीचा की रिकामा, नाक्याचा की मोकळा, तेही लिहा.