कंपनी 60 दिवसांनी पैसे देते आणि पगार 7 तारखेच्या आत करायचे असतात. लेबर कॉन्ट्रॅक्टरने बिल डिस्काउंटिंग (बिलाच्या बदल्यात व्याज कापून पैसे आधीच उचलणं) घ्यावं का?

घ्या, पण आधी हिशेब मांडा. मी चाकणला हेच काम करतो. पहिल्या वर्षी घरातले दागिने गहाण ठेवून पगार केलेत, म्हणून कळकळीने सांगतोय.

तुमची 60 माणसं आहेत. पीएफ-ईएसआय धरून महिन्याला 12 लाख जातात आणि सर्व्हिस चार्ज 8 टक्के मिळतो, असं समजू. जुलैचं बिल 5 ऑगस्टला दिलं की पैसे 4 ऑक्टोबरला येणार. तोवर जुलै-ऑगस्टचे 24 लाख खिशातून गेलेले आणि सप्टेंबरचा पगार 3 दिवसांवर आलेला. शिवाय 20 सप्टेंबरला 18 टक्के जीएसटी, म्हणजे सव्वादोन लाखांच्या वर. पगारावर इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट) मिळत नाही, त्यामुळे तो जवळपास सगळा रोखीनेच भरायचा.

आता खर्च बघा. 12 लाख 60 दिवसांसाठी वर्षाला 12 टक्क्यांनी उचलले, तर व्याज सुमारे 24 हजार. तुमची कमाई 96 हजार. चौथा हिस्सा तिथेच गेला! म्हणून दर ठरवतानाच हे व्याज धरायला हवं. मी ते धरलं नव्हतं.

कंपनी मोठी असेल तर आधी ट्रेड्सबद्दल विचारा, म्हणजे लघुउद्योगांची बिलं ऑनलाइन वटवायची व्यवस्था. आरएक्सआयएल, इन्व्हॉइसमार्ट या त्यातल्या प्लॅटफॉर्मना रिझर्व्ह बँकेची परवानगी आहे. उद्यम नोंदणी लागते आणि कंपनीने बिल ऑनलाइन मान्य करावं लागतं. तिथे कंपनीने पैसे बुडवले तरी बँक तुमच्याकडे वसुलीला येत नाही. बाहेरच्या फायनान्सवाल्यांच्या करारात बहुतेक वेळा ती जबाबदारी तुमच्यावरच असते. ते कलम वाचल्याशिवाय सही करू नका.

पण कंपनीने मंजूर न केलेल्या बिलावर कुठलाही फायनान्स सहजी मिळत नाही, आणि खरी गळती तिथेच असते. ओव्हरटाइमच्या 11 तासांच्या फरकापायी माझं एक बिल 19 दिवस अडकलं होतं, कारण मस्टरवर (हजेरीपटावर) सही करणारा सुपरवायझर रजेवर होता. तेव्हापासून दर शनिवारी मस्टर घेऊन मी स्वतः गेटवर जातो आणि आठवड्याचे तास तिथेच सही करून घेतो.

आणखी एक. सूक्ष्म-लघु उद्योगांचे पैसे जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यावेत, असा 2006 चा कायदा आहे. भांडायला जाऊ नका, पण पुढच्या पीओच्या (पर्चेस ऑर्डरच्या) वेळी हा मुद्दा जरूर काढा. आणि दिवस बिल पोचल्यापासून मोजणार की मंजूर झाल्यापासून, हे त्यात लिहून घ्या.