मेक्सिकोतल्या बाहा कॅलिफोर्नियात मुक्काम कुठे टाकायचा?
तिहुआना ते काबो सान लुकास हा हायवे १ साधारण १,७०० किमी. नकाशा बघून रोज ६०० किमीचा बेत आखू नका. मुक्काम सूर्यास्त बघून ठरवा. अंधारात गायी थेट डांबरावर येतात, आणि बऱ्याच ठिकाणी गाडी बाजूला घ्यायलाही जागा नसते.

पहिली रात्र सान किंतीन. सकाळी एल रोसारिओत टाकी फुल्ल करा, अर्धी असली तरी; पुढे जवळपास ३०० किमी भरवशाचा पंप नाही. कातावीन्यात पिंपातलं पेट्रोल मिळतं कधीकधी, पण त्याच्या जिवावर निघू नका.

दुसरी रात्र गेरेरो नेग्रो. हिवाळ्यात तिथे घड्याळ एक तास पुढे करायचं (उन्हाळ्यात वेळ तीच राहते), हॉटेलला वेळ कळवताना विसरू नका. अंगात दम आणि उजेड उरला असेल, तर मी सरळ सान इग्नासिओ गाठेन. वाळवंटात अचानक खजुरांची बाग!